ज्यानं दार बंद केलं

१४ जानेवारी, बुधवार

पाळकांनी आज बायबलातला नहूम संदेष्टा काढला. दोन महिने नुसतं सांत्वन, सांत्वन — ऐकून कान किटले होते. आज पहिल्यांदा कुणी पेंगलं नाही, कुणी रडलंही नाही.

दर बुधवारी चार वाजता आम्ही ताईच्या पुढच्या खोलीत जमतो. शिलाई कारखान्याच्या आगीत अकरा जणी गेल्या, त्यांच्या घरचे सगळे. सतरंजी पुरत नाही म्हणून मी पलंगावरची चादर खाली अंथरली. भिंतीवर ताईच्या मुलीचा फोटो. माझी भाची. एकवीस वर्षांची, कॉलर जोडायच्या मशीनवर बसायची. ती नोकरी मीच सुचवली. ह्यांची तिथं वॉचमनची ड्यूटी, म्हणजे घरचं माणूस जवळ राहील — असं मीच ताईला म्हटलं होतं. लिहून ठेवते. लिहिलं की थोडा वेळ डोक्यातून जातं.

पाळकांचा आवाज एरवी बारीक. वचन वाचायला लागले की मात्र कुठून बळ येतं कोण जाणे. निनवे नावाचं मोठं शहर होतं, आजूबाजूच्या देशांना चिरडून माजलेलं. संदेष्टा त्याला सांगतो की परमेश्वर रागवायला वेळ लावतो, पण दोषी माणसाला मोकळा सोडत नाही. तुझ्या वेशी शत्रूपुढे सताड उघडतील, अडसर आगीत जळतील. तुझ्या जखमेला औषध नाही. तुझी बातमी जो ऐकेल तो टाळ्या वाजवेल.

अडसर जळण्याचं आलं आणि खोली गार पडली. मागचं दार बाहेरून कुलूप लावून बंद होतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. कापड चोरीला जातं म्हणून मालकानं नियमच केला होता — दुपारी दोन ते सहा मागच्या दाराला बाहेरून कुलूप. आग लागली साडेतीनला. पुढच्या जिन्यात कापडाचे तागे रचलेले, ते आधी पेटले. राहिलं मागचं दार.

शिलाईमास्तरांची बायको त्यातच गेली. त्यांनी पाळकांकडून पुस्तक घेतलं, त्या पानाचा कोपरा दुमडला आणि परत दिलं. 

ताई आज पोटभर जेवली. भांडी विसळताना मला म्हणाली, "निनवेत लहान मुली असतील का गं?" मी म्हटलं, असतीलच. नळ बंद करून म्हणाली, "असू देत."

१५ जानेवारी, गुरुवार

मालकाचं नाव आता निनवे पडलं. "निनवे आज गाडीतून गेला", "निनवेचा वकील बदलला". मास्तरांनी सुरू केलं, दोन दिवसांत सगळ्यांच्या तोंडी बसेल.

१८ जानेवारी, रविवार

ह्यांच्या हातांचं ड्रेसिंग बदलून आणलं. उजवा तळवा अजून लालभडक. डॉक्टर म्हणतात बोटं पूर्ण वळायला वर्ष जाईल. दार उघडायला गेले आणि तापलेल्या लोखंडाला हात चिकटले — रस्त्यात लोक थांबून नमस्कार करतात. बरणीवाल्या दुकानदारानं तर आज उठून खुर्ची दिली. हे बसले नाहीत.

बुधवारी चला म्हटलं. म्हणाले, हात दुखतात. मी म्हटलं, हातांनी कुठे ऐकायचंय! हसले नाहीत. पूर्वी असल्या फालतू विनोदालाही हसायचे.

२१ जानेवारी, बुधवार

आज यिर्मया, दुसरा संदेष्टा. बाबेल ह्या शत्रूच्या नगरीवर कोणकोणती संकटं येणार ते सगळं त्यानं एका गुंडाळीत लिहिलं आणि तिकडे निघालेल्या एका अधिकाऱ्याच्या हातात दिलं. सांगितलं — तिथं पोचल्यावर मोठ्यानं वाच, मग गुंडाळीला दगड बांध आणि नदीत टाक. म्हण, बाबेल असंच बुडेल, पुन्हा वर येणार नाही.

मास्तर लगेच म्हणाले, आपणही टाकू. पाळक चपापले. ती देवाची आज्ञा होती, आपल्या मनानं करायची गोष्ट नव्हे, असं काहीतरी चाचरत सांगायला लागले. ताई म्हणाली, "मग आमचं ऐकायला तो नाही का?" पाळकांनी चष्मा काढून पुसला. 

अक्षर चांगलं म्हणून कागद माझ्याकडे आला. मास्तरांना मालकाचं नाव हवं होतं. ताई नको म्हणाली, त्याचं नाव माझ्या घरात कागदावर नको. तिनं सांगितलं तसं मी लिहिलं — ज्यानं दार बंद केलं तो बुडो, आणि पुन्हा वर न येवो. खाली अकरा नावं. भाचीचं नाव लिहिताना पेन अडकलं, दुसरं घेतलं.

२२ जानेवारी, गुरुवार

इस्पितळाच्या लॉन्ड्रीतून, माझ्या कामावरून सुटल्यावर कालव्यावर गेलो. ताई, मास्तर, मी. फुटपाथच्या कडेचा दगड, मशीनचा दोरा सात-आठ पदरी करून बांधला. ताईनंच टाकला. गढूळ पाणी, दोन बुडबुडे आले. तिनं कणीक मळून झाल्यावर झटकतात तसे हात झटकले.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. कागदावर नेमकं काय लिहिलं, शब्द न् शब्द विचारला. मी सांगितला. ताट सरकवलं, भूक नाही म्हणाले.

४ फेब्रुवारी, बुधवार

काही घडत नाही. निनवे मजेत आहे. मास्तर पाळकांवर चिडले, जणू टपाल त्यांनीच अडवून ठेवलंय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

निनवे पडला!

सकाळी बुटाची नाडी बांधताना. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आमच्याच इस्पितळात आणलाय, वरच्या मजल्यावर. मास्तर धावत लॉन्ड्रीच्या खिडकीशी आले, धाप लागलेली, बोलता येईना. बोलले आणि टाळी वाजवली. मी पण वाजवली. माझ्या हातात ओली उशीची खोळ होती, तरी वाजवली.

ताईला फोन केला. कधी पडला, तिनं विचारलं. मग म्हणाली, "ऐकतो म्हणजे."

ह्यांना सांगितलं तर जिन्यातच बसले.

९ फेब्रुवारी, सोमवार

गेले मी वर. खोटं कशाला लिहू — मुद्दाम गेले. धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेतला की इस्पितळात कुठल्याही खोलीत जाता येतं, कुणी विचारत नाही.

माणूस केवढासा झालाय. तोंड एका बाजूला ओघळलेलं, उशी भिजलेली. मनात ठरवलं होतं की समोर उभी राहीन आणि भाचीचं नाव घेईन. त्यानं मला ओळखलं. वॉचमनची बायको, एवढं नक्की ओळखलं. डावा हात उचलून काहीतरी बोलायला लागला. नर्स म्हणाली, एवढंच बोलतात हो, तीन दिवस झाले.

मी वाकून ऐकलं. "सांगितलं होतं... लावू नको." पुन्हा तेच. "लावू नको."

पोलिसांनाही तो हेच म्हणाला होता — सरकारी तपासनीस येऊन गेला, त्यानंतर मी वॉचमनला कुलूप लावू नको म्हणून सांगितलं होतं. तेव्हा आम्ही सगळे थुंकलो होतो त्याच्या नावानं. मेलेल्या पोरींचं खापर वॉचमनवर फोडतो, ज्याचे हात जळले त्याच्यावर!

उशीची खोळ बदलली मी त्याची. का बदलली? कामच आहे माझं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ज्याच्या तोंडात चारच शब्द उरलेत, तो त्यातही खोटं बोलेल?

११ फेब्रुवारी, बुधवार

आज हे माझ्याबरोबर आले. स्वतःहून. ताईनं पाट दिला, मास्तरांनी पाठीला उशी दिली. सगळी खोली उजळली होती, सण असल्यासारखी. उपकारस्तुती झाली. मास्तर मोठ्यानं म्हणाले, देवानं शत्रूला लोळवलं.

पाळकांचा चेहरा उतरलेला. म्हणाले, आज आमोस वाचतो. मेंढपाळ होता, मोठ्या बाजाराच्या गावी येऊन उभा राहिला आणि शेजारच्या देशांची एकेक पापं सांगू लागला. दिमिष्क, त्याला शिक्षा टळणार नाही. मास्तर म्हणाले, आमेन. गज्जा. आमेन. सोर, अदोम, अम्मोन, मवाब — प्रत्येकाला आग लागेल, प्रत्येकाचे वाडे जळतील. खोलीतले सगळे आता एका सुरात आमेन म्हणत होते. ताईसुद्धा.

पाळक थांबले. म्हणाले, तेव्हाचे लोकही असेच म्हणत असतील. आवडत असेल त्यांना. शत्रूंचा फेरा पुरा झाला. मग तो म्हणतो — यहूदा. आणि मग — इस्राएल. म्हणजे समोर उभे राहून ऐकणारेच.

कुणी आमेन म्हटलं नाही. मास्तर म्हणाले, हे आम्हाला कशाला ऐकवता? पाळक म्हणाले, मला माहीत नाही. खरंच म्हणाले तसं.

येताना हे माझ्या चार पावलं मागं चालत होते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहू की नको. लिहिते.

दुपारी जेवण झाल्यावर मी विचारलं. सरळ विचारलं. मालकानं सांगितलं होतं का?

हे म्हणाले, हो. सोमवारी सांगितलं. मंगळवारी नाही लावलं, बुधवारी नाही लावलं. गुरुवारी लावलं.

का?

"दाढी करायची होती."

मला आधी कळलंच नाही. ते जमिनीकडे बघत सांगत होते, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. दार उघडं ठेवायचं तर तिथं उभं राहावं लागतं, कोण आलं कोण गेलं बघावं लागतं. कुलूप लावलं की माणूस सुटतो. नाक्यावर न्हावी आहे, वीस मिनिटांचं काम. किल्ली खिशात. इतकी वर्षं कुलूप लावतच होते, हाताला सवय. अर्धी दाढी झाली आणि रस्त्यात आरडाओरडा ऐकू आला. धावले. किल्ली लावली, कुलूप तापून आतल्या आत अडकलेलं, फिरेना. पोलिसांना सांगितलं की मालकाचा हुकूम होता. कुणी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी इस्पितळात ह्यांचा एक गाल गुळगुळीत होता आणि दुसऱ्यावर चार दिवसांचे खुंट. मी पाहिलं होतं! हात बांधलेले म्हणून दुसऱ्या दिवशी तो गाल मीच केला. पाणी, साबण, नवीन पातं. हलू नका म्हटलं. बिचारे, म्हटलं मनात.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कामावर गेले. इस्त्री केली. दोनशे तरी चादरी असतील.

१६ फेब्रुवारी, सोमवार

घरात आम्ही बोलत नाही. मीठ लागलं तर हे उठून घेतात, त्या हातांनी. झाकण उघडत नाही. मी बघत राहते आणि उठत नाही. मग उठते.

तो माणूस वर पडलाय. तोही निर्दोष नाही, तागे त्यानंच रचून घेतले, खिडक्यांना गज त्यानंच बसवले. पण कागदावर मी गजांचं लिहिलं नव्हतं. दाराचं लिहिलं होतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ताईकडे गेले, नाही गेले तर विचारतील म्हणून. आज प्रार्थना तू कर, ताई म्हणाली. डोळे मिटले. तोंडातून शब्द फुटेना. सगळ्यांना वाटलं, मला भरून आलं. ताईनं पाठीवरून हात फिरवला. तो हात सोसवेना.

परतताना पाळक नाक्यापर्यंत बरोबर होते. मी विचारलं, पाण्यात टाकलेलं परत काढता येतं का? त्यांनी कुणासाठी विचारता, असं विचारलं नाही. म्हणाले, "संदेष्टे शत्रूचा नाश सांगतात ना, तेव्हा रडतातही. मवाबाचा नाश सांगताना यिर्मयाचं काळीज पाव्यासारखं विव्हळतं, असं लिहिलंय. ते मी तुम्हाला वाचून दाखवलं नाही. तुम्हाला आवडलं नसतं, आणि मला तुम्ही यायला हवे होतात." मग म्हणाले, दोष माझाही आहे. बिचारा माणूस. त्याला वाटलं मी मालकाबद्दल बोलतेय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मंगळवारी कोर्टाची तारीख. ह्यांची साक्ष आहे.

हे म्हणाले, मालक आता बोलू शकत नाही. मी गप्प राहिलो तर संपलं. सगळ्यांना जे माहीत आहे तेच राहील.

मी भाजी चिरत होते.

"तू काय म्हणतेस?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "कागद बुडवला तो तुमच्या नावाचा होता. अक्षर माझं होतं. मी आणखी काय म्हणू?"

बोलून गेले आणि मग सुरी खाली ठेवली. सव्वीस वर्षांचा संसार. ह्या माणसानं मला कधी शिवी दिली नाही, कधी उपाशी झोपू दिलं नाही. मी त्याला बुडो म्हणून लिहिलं, ते न कळता लिहिलं. आज कळून म्हटलं असतं का? विचार करते आणि उत्तर येत नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं ह्यांनी.

लाकडी बाकं, वर पंखा. मालकाला चाकाच्या खुर्चीत आणलं होतं, मांडीवर शाल. आम्ही अकरा घरांचे लोक एका बाजूला. सरकारी वकिलांनी नेहमीचा प्रश्न विचारला — दार कुणाच्या सांगण्यावरून बंद केलंत? हे म्हणाले, कुणाच्याच नाही. त्या दिवशी मी माझ्या मनानं लावलं. वकिलांना वाटलं हे गोंधळले, त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला. मग ह्यांनी न्हाव्यापासून सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडले नाहीत. पट्ट्या बांधलेले हात कठड्यावर ठेवले होते, ते मध्येच खाली घेतले. लोकांनी बघू नयेत म्हणून असावं.

मालक रडला. अर्धाच चेहरा रडत होता.

न्यायाधीश म्हणाले, गज आणि जिन्यातले तागे ह्यांचा जाब मालकाला द्यावाच लागेल, पण ही साक्ष वेगळी नोंदवा. मास्तर उठून उभे राहिले, तसेच खाली बसले. ताई माझ्या शेजारी होती. तिनं माझ्या पदरावर पडलेलं तिच्या शालीचं टोक काढून घेतलं, घडी केली आणि बाहेर गेली. माझ्याकडे बघितलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

चार वाजले. साडेचार. पाच.

२ मार्च, सोमवार

चादर घडी करायला दोन माणसं लागतात. एकीनं हे टोक धरायचं, दुसरीनं ते. आज माझं दुसरं टोक कुणी धरलं नाही. भांडली नाही कुणी, बोलली नाही कुणी. मी एकटीनं चादरी टेबलावर पसरून घडी केल्या. वाकड्या झाल्या. सुपरवायझर बाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं.

बरणीवाल्यानं सामान दिलं. खुर्ची नाही दिली.

४ मार्च, बुधवार

पाळक आले होते. बैठक बंद झाली म्हणाले. मास्तरांना तो दुमडलेला कोपरा उघडून नहूम ह्यांच्यावर वाचून हवा होता. पाळकांनी नाही म्हटलं, तेव्हा मास्तर म्हणाले, मालकासाठी वाचलंत ते चाललं. एवढं सांगून पाळक पाणी प्यायले, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ बसले, गेले.

ताई कशी आहे, विचारलं. दार उघडत नाही म्हणाले.

७ मार्च, शनिवार

वकिलांचा निरोप आला. येत्या गुरुवारी सकाळी ह्यांनी स्वतः पोलीस ठाण्यात हजर व्हायचं. मग परत सोडणार नाहीत.

हे विचारत होते, मलम बरोबर घेऊ देतील का. मी म्हटलं, विचारते. आज ह्यांना मी आंघोळ घातली, डोक्यावरून पाणी ओतलं. का कोण जाणे, दोघंही हसलो — साबण हातातून निसटला म्हणून. मग हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

प्रार्थना करायला बसले. शत्रूपासून सोडव, एवढं म्हटलं आणि पुढं काय म्हणायचं ते सुचेना.

११ मार्च, बुधवार

उद्या जायचं. पिशवी भरून ठेवली.

चारच्या सुमाराला ताई आली. चप्पल न काढता आत येऊन उभी राहिली. हे भिंतीशी बसले होते, उठले. तिनं विचारलं, "तुम्ही दाराशी होता. माझी मुलगी काही बोलली का?"

ह्यांनी हात पाठीमागे घेतले. मग म्हणाले, "किल्ली लावत होतो तेव्हा आतून बाकीच्यांना सांगत होती. घाबरू नका गं, काका आलेत. माझे काका आहेत. आता उघडतील."

ताईनं भिंत धरली.  मग तिनं चप्पल काढली आणि ह्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

म्हणाली, "पुन्हा सांगा."